फेडोरा घातली की नाटकातले दिसता? हॅट ठेवा बाजूला, आधी पँटचं आसन बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्हाला १९३० ते ५० च्या काळातले पुरुषांचे कपडे आवडतात, एक सेकंडहँड फेडोरा (वर खोलगट घडी आणि भोवती पसरट भाग असलेली हॅट) घेतलीत, जीन्स आणि शर्टवर ती चढवली की आरशात नाटकातला डिटेक्टिव्ह उभा दिसतो, मित्रही हसतात, आणि आता जुना सूट घ्यायच्या आधी माप, जुनेपणाची खात्री, निगा आणि हे रोज घालता येतं का असं सगळं एकदमच विचारलंय. मी जुन्या हॅट आणि सूट बरीच वर्षं घालतोय, दुरुस्तीही करतो, लोकांच्या हॅट माझ्याकडे येत असतात, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो.

सगळ्यात आधी, दोष हॅटचा नाहीये. म्हणजे असूही शकतो, त्याच्यावर खाली येतो, पण दहातल्या आठ जणांचा घोळ कमरेत असतो. त्या काळातली पँट बेंबीच्या पातळीला बसायची, आत्ताची जीन्स बसते कुल्ल्यांच्या हाडावर, आणि हा फरक चार बोटांचा वाटला तरी सगळा खेळ त्याच्यावर आहे. कोटाचं बटण लागायचं ते कमरेच्या त्याच रेषेवर, वेस्टकोट तिथेच संपायचा, टाय आखूड असायचा कारण त्यालाही तिथपर्यंतच पोचायचं असायचं. आता खाली जीन्स घाला आणि वर जुना कोट, तर बटणाच्या खाली शर्टाचा पांढरा त्रिकोण डोकावतो, वेस्टकोट आणि पँटच्या मधे पोट दिसतं, टाय आखूड वाटतो, पाय तोकडे दिसतात आणि धड लांब. अशा शरीरावर कुठलीही हॅट ठेवली तरी ती वरून आणून ठेवल्यासारखीच दिसणार. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की पुढची खरेदी सूट नको, दुसरी हॅट तर अजिबात नको, एक उंच आसनाची पँट घ्या, जुनी मिळाली तर जुनी, नाही तर नवीन शिवून घ्या.

आसन म्हणजे पुढून, दोन पायांची शिवण जिथे मिळते तिथून कमरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचं माप. खाली बसणाऱ्या जीन्समधे हे आठ-नऊ इंच भरतं, जुन्या पँटमधे बारा आणि उंच माणसाची असेल तर त्याच्याही वर. आणि कमरेचा घेर बेंबीवर टेप ठेवून घ्यायचा, जीन्सच्या लेबलवरचा आकडा पूर्ण विसरा, तो वेगळ्या जागेचा आकडा आहे आणि बऱ्याच वेळा खोटाही असतो. बारीक माणसाचा बेंबीवरचा घेर जीन्सच्या मापापेक्षा कमी निघतो, पोट असलेल्याचा जास्त, म्हणून अंदाजाने मागवलेली पँट हमखास चुकते.

आता एवढ्या वर पँट राहणार कशी, तर गॅलिस, म्हणजे सस्पेंडर. कमरपट्टीला बटणं असतात, आतून किंवा बाहेरून, सहा, पुढे चार मागे दोन, त्यात चामड्याचे काज अडकतात. क्लिपवाले सस्पेंडर घेऊ नका, दात कापडात रुततात आणि जुनं कापड असेल तर तिथेच फाटतं. गॅलिसवर पँट कमरेला बोटभर सैल ठेवायची असते, ती खांद्यावरून लटकली पाहिजे, तेव्हाच पुढच्या चुण्या सरळ पडतात. बेल्टने आवळलीत तर त्या चुण्या उघड्या राहतात आणि मग लोक म्हणतात जुन्या पँट जाड दाखवतात. गॅलिस आणि बेल्ट दोन्ही एकत्र घालणारे लोक आहेत, त्यांना काय सांगणार.

ही पँट, साधा शर्ट, साधे चामड्याचे बूट, एवढं घालून काही दिवस फिरा, हॅट न घालता. अंगवळणी पडेल. चालायची पद्धतसुद्धा जरा बदलते. मग हॅट घाला आणि आरशात बघा, मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

आता हॅट. तुमच्या फेडोराची ब्रिम, म्हणजे भोवतीचा पसरट भाग, किती रुंद आहे ते मोजा. ३० आणि ४० च्या दशकातल्या फेडोराची ब्रिम साधारण सव्वादोन ते पावणेतीन इंच असायची. ५० चं दशक संपता संपता ती आकसायला लागली आणि ६० मधे दीड इंचापर्यंत आली, आणि त्याच वेळी कोटाचे लॅपल (छातीवर उलटलेल्या पट्ट्या) आणि टायसुद्धा बारीक झाले. म्हणजे प्रत्येक काळात या तीन गोष्टी बरोबरीने हलल्यात. चाळिशीतल्या रुंद लॅपलच्या कोटावर साठीतली अरुंद ब्रिमची हॅट घातली की डोकं लहान आणि खांदे मोठे दिसतात, आणि उलटं केलं तर मशरूम. आत्ता फॅशनच्या दुकानांत फेडोरा म्हणून जे विकतात ना, दीड इंच ब्रिम, कडक वूल फेल्ट (न विणता दाबून बनवलेलं लोकरीचं कापड), बुटका क्राऊन म्हणजे डोक्यावरचा उंच भाग, आत कापडाची पट्टी, त्यानेच फेडोराचं नाव खराब केलंय, आणि लोक हसतात ते बहुतेक त्या हॅटला हसतात. तुमची त्यातली असेल तर वाईट वाटून घेऊ नका, ६० च्या स्टाइलच्या बारीक सूटवर ती चालून जाईल, ४० च्या कपड्यांवर नाही.

मापाबद्दल नीट वाचा कारण ऑनलाइन हॅट घेताना सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. टेप कपाळाच्या मध्यावरून, कानाच्या जरा वरून, मागे डोक्याचा जो उंचवटा आहे त्याच्यावरून फिरवा, घट्ट न ओढता. येणारे सेंटिमीटर म्हणजेच युरोपियन साइज. अमेरिकन साइज म्हणजे तोच घेर इंचात घेऊन π ने (३.१४ ने) भागलेला, म्हणजे ५७ सेंमीला ७⅛, ५८ ला ७¼, ५९ ला ७⅜, ६० ला ७½. ब्रिटिश साइज अमेरिकनपेक्षा एक अष्टमांशाने कमी लिहितात, ५७ सेंमीला ब्रिटिश ७. म्हणजे हॅटमधे नुसतं ७ लिहिलंय तर ती कुठल्या देशात बनली ते आधी विचारा, कारण अमेरिकन ७ असेल तर ती एक साइज लहान निघेल आणि कपाळावर लाल वळ घेऊन घरी याल. शिवाय आतल्या कागदावर काहीही छापलेलं असो, साठ-सत्तर वर्षांत चामडं आकसतं, त्यामुळे विकणाऱ्याला आतून टेप लावून मोजायला सांगायचं. छापलेला आकडा फक्त माहितीसाठी.

आणि घेर जुळूनही हॅट टोचू शकते. डोकी काही गोल नसतात, कुणाचं लांबट अंडाकृती असतं, कुणाचं जरा गोलाकार. हॅट पुढे-मागे टोचतेय आणि कानांजवळ फट पडतेय तर तुमचं डोकं लांबट आहे आणि हॅट गोल. कानांवर आवळतेय आणि कपाळापुढे बोट जातंय तर उलटं. हे हलक्या वाफेने आणि लाकडी साच्याने बरंचसं जुळवता येतं, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच असतात. हॅट थोडी मोठी असेल तर सोपं आहे, आतली चामड्याची पट्टी उलटून तिच्या मागे फोमची किंवा घडी केलेल्या कागदाची पट्टी ठेवायची, पूर्वीही लोक वर्तमानपत्राच्या पट्ट्याच ठेवायचे, जुन्या हॅटमधे त्या अजूनही सापडतात आणि त्यावरची तारीख मिळाली तर सोन्याहून पिवळं. लहान हॅट मात्र घेऊच नका. ताणून होईल असं विकणारा म्हणेल, होत नाही, जुनी पट्टी शिवणीवरच फाटते.

ही आतली चामड्याची पट्टी म्हणजे हॅटची नाडी समजा. हॅट हातात आली की मी आधी तीच बघतो. मऊ आहे, बोटाने उलटते, शिवण सलग आहे, तर बाकी डाग, चुरगळलेली ब्रिम, मळलेली रिबीन सगळं दुरुस्त होतं. वाळक्या पानासारखी कडकड वाजत असेल तर उलटून बघायचा प्रयत्नसुद्धा करू नका, तिथेच तुटेल. पट्टी बदलता येते, पण काम हाताने शिवायचं आहे, जुन्याच टाक्यांच्या भोकांतून, आणि त्याची मजुरी हॅटच्या किमतीएवढी सहज होते. कंडिशनर चोपडून मेलेलं चामडं जिवंत होत नाही, फक्त तेलकट होतं, आणि ते तेल बाहेरच्या फेल्टवर रिबिनीच्या वर काळपट डाग म्हणून उमटतं.

फेल्ट दोन जातींचं, एक वूल म्हणजे लोकरीचं आणि एक फर म्हणजे ससा, रानससा नाहीतर बीव्हर या प्राण्याच्या लवेचं. जुन्या चांगल्या हॅट बहुतेक फरच्या. फर फेल्ट पातळ असूनही घट्ट असतं, वाकवलं की परत येतं, पावसात भिजलं तरी आकार धरून राहतं. लोकरीचं जाड आणि जरा खरखरीत, दोनदा भिजलं की ब्रिम लाटा मारायला लागते आणि हॅट आकसते. बोरसालिनो १८५७ मधे इटलीतल्या अलेस्सांद्रियात आणि स्टेट्सन १८६५ मधे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात सुरू झाली, अशी ही नावं तुम्ही ऐकली असतीलच, दोन्हीच्या जुन्या हॅट उत्तम असतात, पण नावावर जाऊ नका, त्याच काळातल्या कमी प्रसिद्ध कारखान्यांचं फेल्ट आजच्या महागड्या नवीन हॅटपेक्षा चांगलं असतं आणि निम्म्यात मिळतं. ब्रिमची कडही बघा. काहींना रिबिनीची बांधणी असते, काही नुसत्या कापलेल्या, आणि काहींत कड दुमडून फेल्टमधेच मुरवलेली असते, वर टाका दिसतच नाही, तिला कॅव्हॅनाघ एज म्हणतात. ती दिसली तर हॅट वरच्या दर्जाची आहे एवढं नक्की धरा.

इथे एक गोष्ट जरा गंभीरपणे. फरच्या लवेतले केस एकमेकांत नीट अडकावेत म्हणून पूर्वी त्याला पाऱ्याच्या नायट्रेटचं द्रावण लावायचे, त्या वाफांनी कारखान्यातल्या कामगारांचे हात थरथरायचे, डोक्यावर परिणाम व्हायचा. अमेरिकेत १९४१ च्या डिसेंबरमधे हे बंद झालं. पण त्याच्या आधी बनलेल्या हॅटमधे पारा अजूनही असू शकतो, संग्रहालयांतल्या जुन्या फेल्ट हॅट तपासल्यावर तो सापडलेला आहे. त्यामुळे १९४२ च्या आधीची फेल्ट हॅट असेल तर मी बंद खोलीत तिला वाफ देत नाही, खिडक्या उघड्या, हातात मोजे, काम झालं की हात धुवायचे, ब्रश मारायचा तो घराबाहेर, आणि लहान मुलांना ती खेळायला अजिबात द्यायची नाही. रोज डोक्यावर घालायला त्यानंतरच्या काळातली घ्या, मिळतातही जास्त.

हॅट हाताळायची पद्धत. क्राऊनला पुढे ज्या दोन चिमट्या असतात ना, तिथे धरून हॅट काढायची सवय पडद्यावर बघून लागते, आणि तिथेच फेल्टला चीर जाते. जुन्या हॅटमधे पहिलं भोक जवळजवळ नेहमी त्या चिमटीवर असतं. ब्रिम धरा, शक्यतो दोन्ही हातांनी. ठेवताना उलटी, क्राऊन खाली, म्हणजे ब्रिमचा बाक बिघडत नाही आणि पट्टीतला घाम वाळतो. खुंटीवर टांगली की मागे टेंगूळ येतं. बंद गाडीत उन्हात ठेवली की पट्टी एका दुपारीत आकसते, घातली की डोक्याला बसत नाही. पावसात भिजली तर पट्टी बाहेर उलटून त्या पट्टीवर हॅट उभी करायची आणि आपोआप वाळू द्यायची, हेअर ड्रायर, हीटर काही नाही. ब्रश मऊ केसांचा, लव ज्या दिशेला झोपलीये त्याच दिशेला, गडद हॅटला एक आणि फिकट हॅटला दुसरा ब्रश, नाहीतर पांढऱ्या हॅटवर काळी धूळ चोळत बसाल.

उन्हाळ्यात फेल्ट कशाला, स्ट्रॉ म्हणजे वाळलेल्या पात्यांची विणलेली हॅट घ्या. पनामा हॅट पनामाची नाही, इक्वेडोरची, टोकीया नावाच्या ताडासारख्या झाडाच्या पानांच्या तंतूंची विणलेली, आणि ते विणकाम २०१२ मधे युनेस्कोच्या वारसा यादीत गेलंय. ती गुंडाळून पेटीत ठेवता येते वगैरे दाखवतात, कोरडी असताना कधी गुंडाळू नका, घडीवर तुटते. जुन्या काळी स्ट्रॉ कधी घालायची याचे दिवस ठरलेले होते, अमेरिकेत १५ सप्टेंबरनंतर कुणी घातली की लोक डोक्यावरून उडवून तुडवायचे, आणि १९२२ मधे न्यूयॉर्कमधे पोरांनी दोन दिवस आधीच हे सुरू केलं तर चक्क दंगल झाली, कित्येक दिवस चालली. आता कोणी तुडवत नाही, तुम्ही हवी तेव्हा घाला.

आणि अजून एक अफवा इथेच मोडतो, अमेरिकेचा अध्यक्ष केनेडी याने हॅट घातली नाही म्हणून हॅटची फॅशन संपली. २० जानेवारी १९६१ च्या शपथविधीला तो टॉप हॅट घेऊन आला होता, फोटो आहेत, भाषणाला उभा राहताना काढून ठेवली एवढंच. हॅट त्याच्या आधीपासूनच कमी होत होती, गाड्यांची छपरं खाली आली, लोक पायी कमी फिरायला लागले, आणि महायुद्धातून परतलेल्या कित्येक तरुणांना डोक्यावर सक्तीने काही घालायचा कंटाळा आला होता.

सूटकडे येऊ. जुनेपणाची खात्री कशी करायची, तर लेबलं वाचायची, पण एकाच लेबलवर विश्वास ठेवायचा नाही. कोटाच्या आतल्या खिशात हात घाला, शिवून घेतलेल्या कोटात तिथे टेलरचं लेबल असतं आणि त्यावर बऱ्याचदा हाताने गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहिलेली असते. यापेक्षा चांगला पुरावा नाही. अमेरिकन तयार सूट असेल तर त्याच खिशात कामगार संघटनेचं छोटं लेबल शोधा, अमॅल्गमेटेड क्लोदिंग वर्कर्सचं, त्यावर १९३९, १९४९ किंवा १९६२ असं साल असतं. ते साल त्या लेबलच्या डिझाइनचं आहे, कोटाचं नव्हे, म्हणजे १९४९ दिसलं तर कोट १९४९ ते ६२ च्या मधला कधीचाही. विकणारे बेधडक "१९४९ चा सूट" लिहितात आणि कापड बघावं तर ५८-६० चं. ब्रिटिश कपड्यात दोन सी आणि ४१ चा छाप असेल, तोंड कापलेल्या दोन चकत्यांसारखा दिसतो, तर तो युटिलिटी योजनेतला, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या काटकसरी कपड्यांतला, १९४१ ते ५२ च्या मधला. उलट वूलमार्कचा (शुद्ध लोकरीची खूण) लोकरीच्या गुंड्यासारखा लोगो असेल तर कपडा १९६४ च्या आधीचा असूच शकत नाही, आणि धुण्याच्या सूचनांचं शिवलेलं अमेरिकन लेबल असेल तर बहुतेक १९७२ नंतरचा. पँटच्या चेनवरून मात्र फार निष्कर्ष काढू नका, चेन तिशीच्या उत्तरार्धात यायला लागली, पण बटणंवाल्या पँट त्यानंतरही खूप वर्षं शिवत होते.

युद्धकाळातल्या कपड्यांची एक गंमत आहे, त्यांच्यात काय नाही यावरून ते ओळखू येतात. ब्रिटनमधे १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन होतं, ते १९४९ पर्यंत चाललं, आणि मधे पुरुषांच्या पँटला खाली दुमड घालायची बंदी, खिशांच्या संख्येवर मर्यादा, डबल ब्रेस्टेड कोटावर (पुढे बटणांच्या दोन ओळी असलेल्या) बंदी. लोक काय करायचे तर मुद्दाम लांब पँट घ्यायचे आणि घरी दुमडायचे. अमेरिकेतही १९४२ पासून दुमड बंद, डबल ब्रेस्टेडबरोबर वेस्टकोट बंद. म्हणून "१९४३ चा अमेरिकन सूट, ओरिजिनल दुमड, वेस्टकोटसह डबल ब्रेस्टेड" अशी जाहिरात दिसली की हसून पुढे जायचं.

बसतो का हे बघताना खांदा पहिला आणि खांदाच शेवटचा. खांदा जुळला नाही तर कोट परत ठेवा, कितीही सुंदर असला तरी, कारण खांदा बदलायचा म्हणजे अर्धा कोट उसवून परत शिवायचा. बाकी बरंच होतं. जुन्या टेलरिंगमधे शिवणीत माया, म्हणजे आत राखलेलं जादा कापड, भरपूर सोडलेली असते, आतून चाचपून बघा, पँट मागच्या शिवणीवर दीड-दोन इंच सुद्धा सोडता येते, बाह्या आणि पायही थोडे लांब होतात, फक्त जुन्या घडीची रेष राहायची शक्यता असते. मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, वर असतो, काखेला लागल्यासारखा वाटतो, पहिल्यांदा घालणारे म्हणतात लहान आहे. तो मुद्दाम तसा आहे, हात वर केला तरी कोट जागचा हलत नाही. चार दिवस घाला, मग आत्ताच्या रेडिमेड कोटात हात वर केलात की सगळा कोट कानापर्यंत येतो ते खुपायला लागेल.

कापडाच्या वजनाचा विचार लोक करतच नाहीत. तिशीतल्या सूटचं कापड मीटरला ५०० ग्रॅमच्या आसपास सहज असायचं, आत्ताचं २५० ते ३००. पडतं फार सुंदर, चुरगळत नाही, पण गरम हवेत आणि बंद खोलीत त्यात बसणं म्हणजे शिक्षा. त्यामुळे थंडी नसेल तर ५० च्या दशकाच्या शेवटचे किंवा ६० चे हलके सूट बघा, नाहीतर त्या काळातले लिननचे.

घेण्याआधी कपडा उजेडासमोर धरा. कसर लागलेली असेल तर टाचणीएवढी भोकं चमकतात. कॉलरच्या खाली, खिशांच्या झाकणाखाली, पँटच्या दोन पायांमधे, या जागा आधी बघायच्या, कसर नेहमी झाकल्या जागी आणि घामाच्या डागावर आधी जाते. शिवण दोन बाजूंनी हलकेच ओढा, दोरा कुजला असेल तर तडतड आवाज येतो. नुसता दोरा गेला असेल तर परत शिवता येतं, कापडच फाटत असेल तर सोडून द्या. रेशमी अस्तराला उभ्या चिरा पडल्या असतील तर ते वाचणार नाही, पूर्वी रेशीम जड वाटावं म्हणून त्यात धातूंचे क्षार मुरवायचे, ते रेशमाला आतून खातात. अस्तर नवीन घालायचा खर्च धरूनच भाव करा.

आणि घरी आणलेला कुठलाही लोकरी किंवा फरचा जुना कपडा सरळ कपाटात ठेवायचा नाही. ही एक गोष्ट तरी माझी ऐकाच. उडणारं पाखरू खात नाही, त्याची अळी खाते, आणि अंडी डोळ्याला दिसत नाहीत. कपडा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा, उणे १८ अंशाच्या डीप फ्रीझमधे किमान दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण साध्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी कपड्यावर बसतं. सीडरची लाकडं वासाला बरी, त्याने कसर मरत नाही. डांबराच्या गोळ्या टाकल्या तर तो वास सूटमधून वर्षानुवर्षं जात नाही, मग तुम्ही कुठेही गेलात तरी तुमच्या आधी वास पोचतो.

धुण्याबाबत थोडक्यात. ड्राय क्लीनिंग शक्य तितकं कमी, तेही पहिल्यांदा देताना शिवण तपासून. बहुतेक वेळा सावलीत वारा, ब्रश आणि लांबून थोडी वाफ एवढ्यात भागतं. काखेचा वास असेल तर अस्तरावर साधी वोडका पाण्यात मिसळून स्प्रे करतात, नाटकांच्या कपडेपटात हे सर्रास चालतं, पण आधी आतल्या कोपऱ्यावर रंग जातो का बघायचं. चाळिशीतले रेयॉनचे शर्ट ओले असताना एकदम कमकुवत होतात, पिळले की गेले, टॉवेलमधे गुंडाळून पाणी काढा आणि आडवे वाळवा.

आता मूळ दुखणं, नाटकातलं दिसणं. एकाच सालातलं सगळं डोक्यापासून पायापर्यंत घातलं, खिशात साखळीचं घड्याळ, दोन रंगी बूट, रंगीत रुमाल, केसांना तेल आणि वर मिशी, की तो वेश होतो. त्या काळातले लोकसुद्धा असे नव्हते, माणूस दहा वर्षांपूर्वीचा कोट, मागच्या वर्षीची पँट आणि वडिलांचा टाय घालून कामाला जायचा. त्यामुळे काळ थोडे मिसळू द्या. चाळिशीच्या पद्धतीची पँट आणि आजचा साधा स्वेटर, किंवा जुना ट्वीडचा कोट आणि नवीन शर्ट, हे कुणाच्या डोळ्यावर येत नाही. चकाकणाऱ्या गोष्टी एका वेळी एकच. आणि डोक्यावर काहीतरी घालायची सवय नसेल तर फेडोराऐवजी फ्लॅट कॅप या मऊ चपट्या टोपीपासून सुरुवात करा, ती कशावरही जाते, खिशात मावते, वाऱ्याने उडत नाही. एकदा डोक्यावर वजन असल्याचं विसरलात की मग फेडोरा. ती भुवयांच्या वर साधारण बोटभर, एका बाजूला किंचित कललेली, मागे ढकलून नाही, मागे ढकललेली हॅट फार थोड्या चेहऱ्यांना शोभते. आणि घातल्यावर सारखा हात लावू नका, लोक हॅटपेक्षा त्या चाचपडण्याकडे बघतात.

घरात, हॉटेलात टेबलाशी बसताना, कुणाशी नीट बोलायला थांबलात तर हॅट काढायची, हा जुना शिष्टाचार पाळा, आणि त्याचा व्यवहारी फायदाही आहे, छपराखाली हॅट घालून बसलेला माणूस लगेच वेशातला वाटतो. मित्र हसतात ते महिनाभर हसतील. हॅट रोज दिसायला लागली की एखाद दिवशी विसरून गेलात तर तेच विचारतील.

रोज घालता येतं का, तर येतं, पण अस्सल जुनी पँट रोज घालू नका. पँट बसून बसून मागे आणि मांड्यांमधे आधी झिजते, म्हणूनच कोट शिल्लक राहिलेत आणि त्यांच्या पँट सापडत नाहीत. जुन्या मापाची नवी पँट शिवून घ्या, करड्या रंगाची एक आणि तपकिरी एक, टेलरला आसन आणि मोहरी, म्हणजे पायाच्या खालच्या टोकाची रुंदी, लिहून द्या, मोहरी त्या काळी खाली दहा-अकरा इंच रुंद असायची, आणि ठासून सांगा की कमी करू नकोस, कारण तो त्याच्या मनाने कमी करणारच. या दोन पँट सगळ्या जुन्या कोटांखाली चालतात. अस्सल सूट महिन्यातून एखाद-दोनदा बाहेर काढा. हॅट दोन ठेवा आणि आलटूनपालटून घाला, घामाने ओली झालेली पट्टी वाळायला एक दिवस तरी जातो, आणि ओल्या पट्टीवर परत घाम गेला की चामडं लवकर सडतं.